बुर्ज खलिफाहून उंच बेळगाव

आत्याचा मुलगा दुबईत नोकरीला आहे. बेळगावच्या वडगावात विणकरांच्या मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या आत्याला त्यानं गेल्या हिवाळ्यात बोलावून घेतलं आणि सोबतीला म्हणून मीही गेलो. तिसऱ्या दिवशी बुर्ज खलिफा. १२४ व्या मजल्यावर काचेला हात टेकवून आत्या खाली बघत होती. रस्त्यावरच्या मोटारी मुंग्यांसारख्या, समोर निळा-करडा समुद्र. मी, शहाणपणा दाखवायची खोड असलेला माणूस, म्हणालो, "आत्या, तू आत्ता वडगावातल्या तुझ्या घरापेक्षा ३०० मीटर खाली उभी आहेस, ठाऊक आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मग इतकं पैसे कशाला घातलास रे?"

प्रश्न बरोबर होता. तिथं मला नीट उत्तर देता आलं नाही. परतल्यावर गणित मांडून बसलो, आणि असल्या मनोऱ्यावर आपण नेमकं काय विकत घेतो हे तेव्हा कुठे कळलं. सीमाभागातून आखातात जाणारी माणसं कमी नाहीत, त्यांच्याकडे जाणारे आईबापही कमी नाहीत, आणि दुबईला गेलेल्या प्रत्येकाला कुणीतरी बुर्जवर नेतंच. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी ते ३०० मीटर कुठून आले ते बघू. दुबई समुद्राच्या काठावर आहे. तिथली जमीन समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटर वर. १२४ व्या मजल्यावरची बघायची जागा जमिनीपासून ४५२ मीटर उंच. आपलं बेळगाव पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. म्हणजे खडे बाजारात भाजी घेणारा माणूस त्या मजल्यावरच्या पर्यटकापेक्षा वरच असतो. जास्त पैसे भरून १४८ व्या मजल्यावर गेलात तर ५५५ मीटर. तरीही घर २०० मीटर वरच. बुर्जची पुरी उंची ८२८ मीटर. तो मनोरा उचलून आपल्या शेजारी समुद्रसपाटीवर ठेवला, तर आपल्या घरांच्या वर त्याचं फक्त ७५-८० मीटरचं टोक दिसेल. तिथं कुठलाही पर्यटक जात नाही.

मग आपल्याला गच्चीवरून शंभर किलोमीटर का दिसत नाहीत? कारण आपल्याबरोबर आख्खा मुलूखच वर आलेला आहे. नजरेला समुद्रसपाटीशी देणंघेणं नसतं; आजूबाजूच्या जमिनीपेक्षा आपण किती वर आहोत एवढंच तिला हवं असतं. वडगावातल्या गच्चीवर उभं राहिलं की समोर शेजाऱ्याची पाण्याची टाकी येते. येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलं की सगळं बेळगाव पायाखाली पसरतं, कारण गड भोवतीच्या शेतांपेक्षा वर आहे. आणि पठार जिथं तुटतं तिथं खरी गंमत. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटरवर, आणि कड्याखाली थेट कोकण. तिथल्या सी व्ह्यू पॉइंटवर, हवा स्वच्छ असेल तर, दूर समुद्राची रेघ दिसते. पश्चिमेकडे बघताना ती जागा बुर्जच्या १४८ व्या मजल्यापेक्षाही उंच आहे. तिकीट नाही, लिफ्ट नाही, कणीस मिळतं.

बुर्ज हा शब्द आपल्याला परका नाही, हेही जाता जाता सांगतो. अरबीतला बुर्ज फारसीतून आपल्याकडे आला आणि त्याचा बुरुज झाला. विजापूरला शाळेची सहल गेली असेल तर गोलघुमटानंतर उपली बुरुजही बघितला असेल: बाहेरून गोल वळत जाणाऱ्या पायऱ्या आणि वर लांबलचक तोफ. हैदरखानानं तो १५८४ च्या सुमारास बांधला. उंची ८० फूट, म्हणजे २४ मीटर. त्या काळचा तो टेहळणीचा मनोराच. शत्रू कुठून येतोय ते आधी दिसावं म्हणून बांधलेला. दुबईच्या बुर्जवरून बघायला शत्रू नाही, एवढाच फरक.

या दोन बुरुजांची तुलना केली की सगळा हिशेब उलगडतो.

पृथ्वी गोल असल्यामुळे कितीही सपाट माळ असला तरी काही अंतरानंतर जमीन नजरेखाली वाकत जाते. जिथं ती वाकून दिसेनाशी होते ते क्षितिज. उंचीवरून क्षितिज किती लांब, हे काढायची रीत सोपी आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला साधारण साडेतीननं गुणायचं (काटेकोर हवं असेल तर ३.५७). येतात ते किलोमीटर. समुद्राकाठी उभ्या माणसाचे डोळे दीड-पावणेदोन मीटरवर असतात; त्याचं क्षितिज साडेचार किलोमीटरवर. दुमजली घराच्या गच्चीवरून, ९ मीटरवरून, १०-११ किलोमीटर. उपली बुरुजाच्या २४ मीटरवरून १७ किलोमीटर. बेळगावच्या कोट तलावाकाठच्या ११० मीटरच्या ध्वजस्तंभाच्या टोकावर बसता आलं असतं आणि भोवती सपाट माळ असता, तर ३७ किलोमीटर. आणि बुर्जच्या ४५२ मीटरवरून, म्हणजे तसे चार ध्वजस्तंभ एकावर एक ठेवले तर, ७६ किलोमीटर.

आता हे आकडे जरा शेजारी-शेजारी ठेवा. दुबईचा मजला उपली बुरुजाच्या जवळजवळ १९ पट उंच आहे. दिसतं मात्र फक्त सव्वाचार-साडेचार पट लांब. वर्गमूळ असं कंजूष असतं: नजर दुप्पट लांब जायला हवी असेल तर उंची चौपट करावी लागते, तिप्पट हवी तर नऊपट. पहिले काही मीटर भरभरून देतात, नंतरचा प्रत्येक मीटर कमी-कमी देत जातो. म्हणूनच जमिनीवरून गच्चीवर गेल्यावर वाटणारा आनंद शंभराव्या मजल्यावरून एकशे एकाव्यावर गेल्यावर वाटत नाही.

तिकिटाच्या खिडकीवर लोक अडतात तो प्रश्न इथं सुटतो. १२४ चं घ्यावं की १४८ चं? १४८ वर १०३ मीटर जास्त मिळतात. क्षितिज ७६ वरून ८४ किलोमीटरवर सरकतं. आठ किलोमीटर! तेही सगळ्यात लांबचे, सगळ्यात धूसर. वर गर्दी कमी असते आणि काहीतरी खायला-प्यायला देतात, ती सोय हवी असेल तर जरूर घ्या. पण जास्त लांबचं दिसेल म्हणून घेऊ नका. माझं मत विचाराल तर उरलेल्या पैशात दोघांचं जेवण होतं.

ते ७६ किलोमीटरसुद्धा कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात किती दिसतं ते हवा ठरवते, आणि या गोष्टीकडे लोकांचं लक्ष सगळ्यात कमी असतं. जुलैत आंबोलीला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. उंची तीच, कडा तोच, आणि समोर काय? पांढरा पडदा. शेजारी उभा असलेला भाऊ दिसला तरी नशीब.

दुबईत असं दाट धुकं रोज नसतं, पण धूसरपणा असतो. उन्हाळ्यात समुद्राची वाफ हवेत भरलेली असते, वर वाळवंटाची बारीक धूळ. वायव्येकडून सुटणारा शमाल नावाचा वारा ती धूळ उचलून आणतो. हे कण डोळ्यांना वेगवेगळे दिसत नाहीत. ते काय करतात, तर लांबच्या इमारतीकडून येणारा प्रकाश वाटेत विखरून टाकतात आणि भलत्याच दिशेचा उजेड आपल्या डोळ्यांत घुसवतात. त्यामुळे गडद गोष्ट फिकट होते, फिकट गोष्ट करडी होते, आणि शेवटी वस्तू व आकाश एका रंगाचे होतात. वस्तू असते जागेवरच. तिच्यात आणि पाठीमागच्या आकाशात फरक उरत नाही म्हणून दिसत नाही.

यातही एक हिशेब आहे. समजा एखाद्या दिवशी दर ५ किलोमीटरमागे रंगांचा उठाव निम्मा होतो. मग १० किलोमीटरवर तो चतुर्थांश उरतो, २० वर सोळावा हिस्सा, आणि ४० वर जवळजवळ शून्य. अशा दिवशी ७६ असो की ८४, दोन्ही क्षितिजं धुरात बुडालेली. मनोऱ्याचे सगळे मजले एकाच भावाचे.

वरून इराण दिसतो, असंही तिथं कुणीतरी ऐकवतंच. पलीकडचा किनारा साधारण १५० किलोमीटरवर आहे. ७६ किलोमीटरच्या क्षितिजापलीकडचा किनारा दिसायचं कारणच नाही. त्यामागचे उंच डोंगर स्वतःच क्षितिजावरून डोकं काढतात, त्यामुळे त्यांचे माथे गणितानं दिसू शकतात. पण मधली दीडशे किलोमीटरची ओलसर हवा गणित वाचत नाही. आमच्याबरोबर एक गृहस्थ होते, त्यांनी एका ढगाकडे बोट करून इराण दाखवला. आम्ही मान डोलावली.

तेव्हा तारीख हातात असेल तर नोव्हेंबर ते मार्च बघा. त्यातही पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस सोन्यासारखा. तिथं पाऊस फार थोडा पडतो, पण पडला की हवा धुऊन निघते. हिवाळ्यात पहाटे कधीकधी जमिनीलगत धुकं साचतं आणि मनोऱ्यांची टोकं तेवढी वर निघतात. फोटोत ते दिसतं सुंदर, पण आत्याला घेऊन गेलेल्या माणसाला त्या धुक्याखालचं शहर दाखवायचं असतं. तिकिटावर वेळ ठरलेली असते, म्हणून फार आधी न घेता एक-दोन दिवस आधी हवा बघून घेणं चांगलं. सूर्यास्ताच्या वेळचं तिकीट महाग असतं आणि ते लवकर संपतं, ही त्यातली अडचण.

सूर्यास्ताची गोष्ट मात्र खरंच पैसे मोजण्यासारखी आहे. उंचावरून क्षितिज जरा खाली दिसतं, त्यामुळे सूर्य तिथं बुडायलाही उशीर लावतो. १२४ व्या मजल्यावर तो खालच्यापेक्षा साधारण तीन मिनिटं उशिरा मावळतो. घाटाखालच्या गावात दिवे लागतात तेव्हा वरच्या कड्यांच्या माथ्यावर अजून ऊन असतं, तोच प्रकार. फक्त इथं कडा माणसानं बांधलाय. आम्ही बघत होतो तेव्हा खालच्या रस्त्यांवर सावली भरत गेली, छोट्या इमारती विझल्या, आणि आमच्या हातांवर अजून तांबूस ऊन होतं. रमजानात या तीन मिनिटांना फार किंमत असते. रोजा सूर्य मावळल्यावर सोडायचा. मग जो वर राहतो त्याचा सूर्य कुठला धरायचा? २०११ मध्ये दुबईच्या धर्मपंडितांनी सांगितलं की ८० ते १५० मजल्यांदरम्यान राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा, त्याहून वरच्यांनी तीन मिनिटं. एका इमारतीत तीन सूर्यास्त. मला त्या मनोऱ्याबद्दलची ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते. एवढ्या लोखंडा-काँक्रीटच्या भानगडीत कुणीतरी सूर्याशी प्रामाणिक राहिलं.

आता लिफ्ट. ती सेकंदाला १० मीटर वर जाते. एका मिनिटाच्या आसपास १२४ वा मजला. सेकंदाला १० मीटर म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, बेळगावच्या काँग्रेस रोडवर गर्दी नसताना स्कूटर जाते तितकी. वेग जाणवतच नाही. शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो, तो बदल सुरुवातीला आणि शेवटी इतका सावकाश ठेवलेला असतो की आत्या विचारत होती, "सुरू केव्हा होणार?" आणि दार उघडलं.

कान मात्र फसत नाहीत. चोरला घाटातून गोव्याला उतरताना कानात दडा बसतो ना, तेच. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी खोली असते, आणि तिथून घशापर्यंत एक बारीक नळी. ती एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. वर गेलं की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. ४५० मीटरवर तो साधारण पाच टक्के घटतो. आतली हवा पडद्याला बाहेर ढकलते, कान भरल्यासारखे वाटतात, आवाज लांबून आल्यासारखा होतो. गिळलं की नळी उघडते, दाब सारखा होतो, 'टक्' होऊन जग परत जवळ येतं. घाटात हा फेरफार हळूहळू होतो, वाटेत आपण बोलतो, खातो, त्यामुळे निभावतं. लिफ्टमध्ये तेच काम एका मिनिटात. वर जाताना हवा त्या नळीतून आपसूक निसटते. उतरताना ती आत यायला खळखळ करते. म्हणून सर्दी झालेल्या माणसाला आणि लहान मुलांना उतरताना जास्त त्रास होतो. खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवा. आमच्याकडे आत्याच्या बटव्यातली सुपारी होती.

मनोरा हलतो का? हलतो. प्रत्येक उंच इमारत हलते. न हलणारी इमारत मोडेल. धोका वाऱ्याच्या जोरात नसतो तितका त्याच्या तालात असतो. वारा गोल किंवा चौकोनी खांबाला धडकला की बाजूंनी वळसा घालतो आणि मागे भोवरे सोडतो, एक डावीकडे, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक भोवऱ्याबरोबर खांबाला आडवा ओढा बसतो. पावसाळ्यातल्या वाऱ्यात विजेच्या तारा गुणगुणतात ते यामुळेच. या ओढ्यांचा ताल आणि इमारतीचा स्वतःचा डुलण्याचा ताल जुळला की झालं: नागपंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावं तसा झोका वाढतच जातो.

तैवानमधल्या तैपेईच्या मनोऱ्यात यावर उपाय म्हणून ६६० टनांचा लोखंडी गोळा टांगलाय. इमारत इकडे गेली की तो मागे राहून तिला आवरतो. बुर्जमध्ये असा गोळा नाही. तिथं वाऱ्याचाच गोंधळ उडवलाय. मनोऱ्याचा आडवा छेद तीन पाकळ्यांचा, आणि वर जाताना एकेक पाकळी पायरीपायरीनं मागे सरते, जिन्यासारखी गोल फिरत. त्यामुळे प्रत्येक उंचीवर रुंदी वेगळी, भोवऱ्यांचा ताल वेगळा. खालचे भोवरे एक सुर लावतात, वरचे दुसराच. सगळे मिळून एका दमात ढकलू शकत नाहीत. रचना-अभियंता बिल बेकर आणि वास्तुकार एड्रियन स्मिथ यांनी यंत्रानं वारा सोडतात अशा बोगद्यात नमुने ठेवून, पुन्हा पुन्हा बदलून हा आकार बसवला. बाहेरून बघणाऱ्याला तो शोभेचा वाटतो. मधला षटकोनी गाभा आणि त्याला तीन बाजूंनी टेकू देणाऱ्या भिंती, एकमेकांच्या आधारानं उभ्या. गुढीपाडव्याला एकट्या काठीला गुढी तोलत नाही, तिला कठड्याला बांधावं लागतं. इथं तीन कठडे कायमचे बांधलेत.

तरी आत्या डगमगली. मनोऱ्यामुळे नव्हे. आपण उभे असतो तेव्हा शरीर सतत थोडं डुलत असतं, आणि डोळे जवळच्या वस्तूंकडे बघून ते सावरत असतात: भिंत जरा सरकली, म्हणजे मी सरकलो. वर उभं राहून नुसतं खाली बघितलं तर जवळ काहीच नसतं. अर्ध्या किलोमीटरवरचा रस्ता माझ्या दोन बोटांएवढ्या डुलण्यानं हललेला दिसत नाही. तोल सांभाळणारा आतला कान एक सांगतो, डोळा गप्प बसतो, पायांना घाम फुटतो. यावर धीर देणं उपयोगाचं नाही. कठडा धरायला सांगा, जवळच्या चौकटीकडे बघायला सांगा, मग हळूहळू नजर बाहेर न्या. आत्यानं माझा दंड धरला होता. दोन मिनिटांनी सोडला आणि मग मला तिला शोधायला लागलं.

बाकी बारीकसारीक. आत जायची वाट दुबई मॉलमधून आहे आणि बरीच लांब आहे. गुडघेदुखी असलेल्यांना तपासणी आणि रांग धरून तासभर पायांवर राहावं लागेल हे आधीच सांगा. १२४ वर बाहेरची गच्चीही आहे; फोटो तिथं काढा, आतल्या काचेत आपलंच तोंड उमटतं. रात्री काचेतून काढायचाच असेल तर मोबाइल काचेला टेकवून भोवती ओढणी धरायची. आत्याच्या लुगड्याचा पदर या कामाला उत्तम निघाला, दोन अनोळखी पोरींनीही तो मागून घेतला. उतरायलाही रांग असते, आणि ती नेहमी वाटते त्यापेक्षा मोठी असते.

आम्ही विमानानं गोव्याला उतरलो आणि तिथून गाडीनं चोरल्याच्या वाटेला लागलो. रात्र झाली होती, आत्या डोळे मिटून बसली होती. वळणं सुरू झाली. थोड्या वेळानं तिनं कानावर हात दाबला, घोट गिळला, डोळे न उघडताच म्हणाली, "आलो की रे वर."